निशाणी सायकल

समस्त सभासद बंधू-भगिनींना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की मागच्या पावसाळ्यात आमच्या गावची लोकशाही नाल्याच्या अलीकडे चिखलात आडवी झाली. ती गुलाबी रंगाची होती आणि तिला पुढे टोपली होती. पडताना ती एकटी नव्हती. तिच्यावर माझा मित्र बसलेला होता.

आमचं गाव अमडापूर आणि उंद्रीच्या मधल्या पट्ट्यात, डांबरी सोडून आत. तिथल्या सेवा सहकारी सोसायटीत संचालकाची एक जागा होती आणि तिला दोन जण उभे होते. एक हा माझा मित्र, कृषी केंद्राचा मालक, पोटाने आणि आवाजाने सारखाच भरदार. दुसरे आम्हा दोघांना पहिलीत अक्षरं शिकवणारे गुरुजी, आता निवृत्त. मित्राचे वडील एकेकाळी याच सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर आहे आणि त्या फोटोच्या शेजारी एक खिळा रिकामा आहे. तो खिळा मित्राला झोपू देत नसे. आधी दोनदा मित्र निवडणुकीत पडला होता. तिसऱ्यांदा पडलो तर आयुष्यात पुन्हा उभा राहणार नाही, अशी आईची शपथ त्याने बायकोसमोर घेतली होती, आणि बायकोने ती फार समाधानाने ऐकून घेतली होती.

निवडणूक उन्हाळ्यात व्हायची, ती रखडत रखडत पेरणीच्या दिवसांत आली. निशाण्या वाटल्या त्या दिवशी मृग कोरडा चालला होता आणि सगळं गाव कपाळावर हात धरून आभाळाकडे बघत होतं. निवडणुकीच्या साहेबांनी मित्राला आधी विचारलं, छत्री हवी का सायकल. मी त्याला कोपराने ढोसलं.

"छत्री घे."

"पाऊस कुठं हाये बे? छत्री घेऊन काय लोकाईच्या जखमेवर मीठ चोळू? सायकल कशी, पुढं जाते."

गुरुजींनी उरलेली छत्री घेतली आणि साहेबांना नमस्कार केला.

चौथ्या दिवशी पाऊस आला आणि मग हटला नाही. गाव हरखलं. मित्राच्या दुकानापुढे सोयाबीनच्या बियाण्याला रांग लागली. धंदा असा कधी झाला नव्हता, आणि गल्ल्यावर बसून मालक आभाळाला शिव्या देत होता. त्याच्याच दुकानापुढची ती रांग छत्र्या उघडून उभी होती. काळ्या, फुलाफुलांच्या, काड्या मोडलेल्या. दळणाला निघालेली बाई छत्रीत, अंगणवाडीची ताई छत्रीत. गुरुजींनी ना बॅनर लावला ना भोंगा फिरवला. ते सकाळी आपली जुनी छत्री घेऊन दूध आणायला जात आणि त्यांचा प्रचार संपे.

"आता काय करायचं?" मित्राने विचारलं.

"तू सायकल चालव," मी म्हणालो. "लोकांना दिसली पाहिजे."

हे मी अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणालो. हा माणूस दहावीनंतर सायकलवर बसलेला नाही, हे मला माहीत होतं. मला ते बघायचं होतं.

निकाल फिरवू शकेल अशी एकच जागा होती, नाल्यापलीकडची वस्ती. तिकडे जाणारी पांदण म्हणजे निव्वळ काळी माती. तिच्यातून सायकलवर जायचं, व्हिडिओ काढायचा, वस्ती जिंकायची, असा बेत ठरला. अडचण सायकलीची निघाली. आमच्या गावात आता प्रत्येक घरी मोटारसायकल आहे. सायकली उरल्यात त्या शाळेत जाणाऱ्या मुलींच्या. शेवटी मित्राच्या पुतणीची गुलाबी सायकल निघाली. तिने ती दिली, स्वतः एसटीने शाळेला निघाली आणि जाता जाता बजावलं, "काका, पुढचा ब्रेक लागत नाई. मागचा दाबजा, पन हळू."

पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा घालून मित्र बसला. सीटने एक आवाज केला, तो इथे लिहीत नाही. सिमेंटच्या रस्त्यावर तो बरा चालला. पाऊस तिरपा लागत होता, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, आणि मागे आम्ही दहा-बाराजण "ताई, माई, अक्का, विचार करा पक्का" ओरडत पळत होतो. गुरुजी त्यांच्या ओट्यावर उभे होते. त्यांनी हात वर केला. आशीर्वाद होता की थांब म्हणत होते, कोण जाणे.

मग सिमेंट संपलं.

काळ्या मातीचं ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. ती चाकाला नुसती लागत नाही, गुंडाळते. एक वेटोळं, त्यावर दुसरं. चाक फुगत जातं, मडगार्ड गच्च भरतं, आणि एका क्षणी चाक फिरायचं थांबतं. आमच्याकडचा माणूस त्याच्या आधीच उतरतो, काडी घेतो, चिखल खरवडतो. मित्र उतरला नाही. मागे माझा मोबाइल चालू होता. त्याने जोर लावला. पॅडल हलेना. पुन्हा जोर लावला. सायकल जागच्या जागी उभी राहिली आणि तिच्यावर तो, दोन्ही हात हँडलला, मान ताठ, जणू चौकातला पुतळा. आता पडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यालाही दिसत होतं. पडायला त्याने इतका वेळ घेतला की आमची घोषणा पूर्ण झाली. "विचार करा" ला तो झुकला, "पक्का" ला पोचला.

धप्प असाही आवाज झाला नाही. पच्च असा काहीतरी झाला.

कोणी धावलं नाही. धावता येत नव्हतं, आम्ही पोट धरून खाली बसलो होतो. तो उठला तेव्हा समोरून पूर्ण काळा होता आणि मागून पूर्ण पांढरा. डाव्या चपलेने चिखलातच राहायचं ठरवलं होतं. टोपलीत प्रचाराची पत्रकं होती, त्यांचा लगदा झाला होता.

"हसू नका बे," तो म्हणाला. "वस्ती पाहून राह्यली."

खरंच बघत होती. पलीकडच्या काठावर सगळी घरं बाहेर आली होती. मग त्याने जे केलं, त्याला आजही तोड नाही. त्याने ती गुलाबी सायकल खांद्यावर घेतली आणि एका चपलेने, कमरेइतक्या पाण्यातून नाला ओलांडला. घंटी प्रत्येक पावलाला आपोआप वाजत होती. पलीकडे एक माणूस हसता हसता गोठ्याच्या खांबाला धरून उभा राहिला. दोन बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

पहिल्या घरातली म्हातारी सभासद होती. तिने त्याला अंगणात बसवलं, तांब्या तांब्या पाणी ओतून धुतलं, चहा पाजला, आणि दर घोटाला तोंडाला पदर लावून हसली. मित्राला थंडी भरली होती, पण डोळे चमकत होते.

"पाह्यलं का बे?" येताना तो मला म्हणाला. "कसे हसून राह्यले होते. हसला का मानूस आपला झाला. वस्ती आली."

मी हो म्हणालो. नाही म्हणायचा धीर झाला नाही, आणि शिवाय एका हाताने मी व्हिडिओ पाठवत होतो. तो घरी पोचून अंग पुसेपर्यंत संग्रामपूरहून सासूबाईंचा फोन आलेला होता, "जावईबुवा, लागलं तं नाई ना?" मागे सासरचं सगळं घर हसताना ऐकू येत होतं.

मतदानाच्या दिवशी पाऊस धो धो होता. वस्तीची झाडून सगळी माणसं आली. मित्र दाराशी हात जोडून उभा होता आणि प्रत्येकजण त्याच्याकडे बघून ओळखीचं हसून आत जात होता. बायका तर वळून वळून बघत होत्या. त्याने आयुष्यात इतकं प्रेम पाहिलं नव्हतं. मला म्हणाला, फोटो काढून घ्यावा लागेल चांगला, पासपोर्टचा जुना झाला.

संध्याकाळी मोजणी झाली. गुरुजींना इतकी मतं पडली की गुरुजीच ओशाळले. वस्ती कुठे गेली हे विचारायची गरज उरली नाही. आमच्याच मागे घोषणा देणारे दहा-बारा तरी आमचे होते का, अशी शंका यावी असा तो आकडा होता.

मित्र सोसायटीच्या पत्र्याखाली येऊन उभा राहिला. भिंतीवरच्या फोटोकडे त्याने पाहिलं नाही. "झालं," एवढंच म्हणाला. "आता नाई. शपथ हाये." मी मोबाइल खिशात ठेवला.

तेवढ्यात वस्तीवरची ती चहावाली म्हातारी, घरी निघालेली, वाट वाकडी करून त्याच्याजवळ आली. तिला खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली:

"असं काऊन करतं बापू, फुडच्या बारीले अजून उभा राह्यजो. आमचे पोट्टे शायेत गेले होते, त्याईनं तुले पाह्यलंच नाई."