पाणी पॉझिटिव्ह आलं तेव्हा

वन-वे काकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आमच्या लॅबमध्ये आता कुणी उरलेलं नाही, आणि त्याला तेच जबाबदार आहेत. नको तिथल्या जखमा तपासणं हे आमचं काम. चारचौघांत सांगता येत नाही अशा जागी फोड उठतो, व्रण होतो. डॉक्टर त्यावर कापसाची काडी फिरवून ती आमच्याकडे पाठवतात, आणि ही गरमी, हर्पीस की आणखी काही, ते आम्ही यंत्रावर बघतो. जंतूची एवढीशी खूण सापडली तरी यंत्र तिच्या कोट्यवधी नकला काढतं, म्हणून ती पकडली जाते. पण त्यातली एखादी नक्कल भलतीकडे उडाली, तर निष्पाप माणूस फुकट बदनाम होतो.

म्हणून आमच्याकडे ओळीने तीन खोल्या. पहिलीत रसायनं मिसळायची, दुसरीत नमुने उघडायचे, तिसरीत यंत्र. तिसरीत गेलेल्याने त्या दिवशी पहिलीत परत यायचं नाही, घराला आग लागली तरी. काकांनी हा नियम बावीस वर्षं पाळला आणि दुसऱ्यांच्या मानगुटीवर बसून पाळायला लावला. नवीन असताना मी एकदा तिसरीतून पहिलीत पेन आणायला गेले, तर म्हणाले, "घरी जा, डोक्यावरून आंघोळ कर, उद्या ये." तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. त्यांची बायको सांगते, हे घरीसुद्धा एकदा स्वयंपाकघरातून बाहेर आले की पाण्याच्या घोटासाठी परत आत जात नाहीत, मलाच हाक मारतात. यात नियम किती आणि आळस किती, हे त्या माउलीला तीस वर्षांत कळलेलं नाही.

काकांचा माणसांवर विश्वास नाही. संडासाची सीट, मित्राची मोटरसायकल, हॉटेलातला टॉवेल, नवी घट्ट पँट, या सगळ्यांवर आळ घेणारे त्यांनी पाहिलेत. "सगळे साधू, बदफैली एकटी ती सीट," असं ते म्हणत. त्यांचा विश्वास फक्त पाण्यावर. रुग्णांच्या नळ्यांसोबत रोज एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची लावायची. पाणी स्वच्छ निघालं तरच बाकीचे निकाल खरे.

त्या गुरुवारी बाहेरच्या बाकावर सकाळपासून एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती. दोघांच्या मध्ये कपड्यांनी भरलेली पिशवी. शिंपी खिडकीशी येऊन मला हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी डोकेदुखीच्या गोळीशिवाय काहीही केलेलं नाही. हिला पटत नाही. आज रिपोर्ट चांगला आला तर ठीक, नाहीतर ही पाचच्या गाडीने माहेरी चालली. एकदा गेली की येणार नाही, मी ओळखतो तिला."

मी हे काकांना सांगितलं. "डोकेदुखीची गोळी," ते म्हणाले. "सीटपेक्षा बरं आहे. निदान नवीन आहे."

साडेबाराला बाहेरच्या कॉम्प्युटरवर निकाल आले. शिंप्याला हर्पीस. "घे तुझी गोळी," काका म्हणाले. मी खाली खाली बघत गेले. त्याच्या खालचा पॉझिटिव्ह, त्याच्या खालचा पॉझिटिव्ह, ब्याऐंशी वर्षांचे एक आजोबा होते तेही पॉझिटिव्ह. वीसच्या वीस. आणि शेवटी पाणीसुद्धा.

"पाणी कुठे गेलं होतं तोंड काळं करायला?" मी म्हणाले.

लॅबच्या मुख्य मॅडम आल्या. "तिसरीतून मागे कोण गेलं होतं?" त्यांनी विचारलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. एका पेनची किंमत माणसाने किती वर्षं मोजायची? मी त्या दिवशी तिसरीत पाऊलही टाकलं नव्हतं.

"घाण कुठून आली ते कळत नसेल, तर तिन्ही खोल्या धुवायच्या आणि सगळी रसायनं फेकायची," मॅडम म्हणाल्या. "आठ दिवस निकाल नाहीत. बाहेर सांगा, मशीन बिघडलंय. आणि तू मला लेखी दे."

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "मी गेलो होतो. चष्म्यासाठी."

काकांना चष्मा आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं ते डोळे बारीक करून वाचायचे आणि प्रिंटरला शिव्या घालायचे.

"सकाळी कालच्या नळ्या फेकत होतो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "एकीचं झाकण उघडलं. तिचा नंबर लिहायचा तर दिसेना. चष्मा पहिलीतल्या ड्रॉवरमध्ये, पाण्याच्या बाटलीमागे. हातमोजे तेच होते. बाटली सरकवली. त्याच पाण्यात सगळ्या नळ्यांची रसायनं मिसळली गेली."

"अहो, कुणाला तरी आणायला सांगायचा," मॅडम म्हणाल्या.

"मग मला दिसत नाही हे कळलं असतं."

खरं तर मला आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. पण त्यांचे लाल झालेले कान बघून मला वाईटच वाटलं.

आता घाणीचा पत्ता तरी लागला होता. "बाटली, ड्रॉवर, टेबल, एवढंच," काका म्हणाले. "नमुने दुसरीत आहेत, ते ठीक आहेत. फ्रीजरमध्ये सीलबंद रसायनं आहेत. आज तिसरीत न गेलेलं माणूस मिसळायला हवं." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत त्यांनी मला त्या कामाला हात लावू दिला नव्हता.

मी टेबल ब्लीचने पुसलं, बाटली फेकली, नवं पाकीट फोडलं. काका काचेच्या दाराबाहेर उभे होते, स्वतःच्याच नियमाने हद्दपार. "सावकाश. डावीकडची नळी आधी."

"काका, मला दिसतंय," मी म्हणाले.

पावणेचारला पाणी पाण्यासारखं निघालं. विसांपैकी सहा पॉझिटिव्ह. आजोबा स्वच्छ आणि शिंपीही स्वच्छ. मॅडमनी त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, डोकेदुखीच्या गोळीनेही एखाद्याला तिथे अशी जखम होते.

शिंप्याने खिडकीशी पाकीट उघडलं आणि कागद बायकोला दिला. तिने तो दोनदा वाचला. "एकला देणार होतात," ती मला म्हणाली. "मग म्हणे मशीन बिघडलं. आता चार वाजता अगदी चांगला रिपोर्ट. यांनी सांगून बदलून घेतला ना?"

शिंप्याचा चेहरा उतरला. मागून काका आले. खिशातून चष्मा काढून त्यांनी सगळ्यांसमोर नाकावर चढवला आणि शिंप्याला विचारलं, "यांच्यासमोर सांगू?" त्याने मान डोलावली.

"मशीन बिघडलं नव्हतं," काका बायकोला म्हणाले. "दुपारी तुमच्या नवऱ्याला रोग निघाला होता. बाकीच्या एकोणीस जणांनाही निघाला, आणि साध्या पाण्यालाही. घाण माझ्या हाताची होती. आता सगळं पुन्हा केलंय. हे खरं बोलत होते. मी पण विश्वास ठेवला नव्हता."

ती त्यांच्याकडे वळली. "गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं? कशाला सांगितलंत?"

"तुमची गाडी पाचची आहे म्हणून."

तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. मग बाकावरची पिशवी उचलून नवऱ्याच्या हातात दिली. "धरा," ती म्हणाली. "सकाळपासून मी एकटीच वागवतेय."

दोघं फाटकाकडे गेली. स्टँड उजव्या हाताला आहे. मला मध्ये खांब येत होता.

"काका, कुठे वळली?"

"डावीकडे," काका म्हणाले. "स्पष्ट दिसतंय."