जिथे तहान लागत नाही

पप्पांचं दिवसभराचं पाणी मी सकाळी सहाच्या आत एका बाटलीत भरून ठेवायचे. पाऊण लिटर. डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं होतं आणि त्यात चहा, आमटी, ताक, गोळ्या गिळायला लागणारं पाणी, सगळं धरायचं होतं. त्यामुळे पप्पांचा चहा झाला की मी तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचे. आमटी झाली की पुन्हा थोडं. मी कामावर गेले की हे मम्मीने करायचं असं ठरलं होतं. बाटलीत उरेल ते त्यांचं. किडन्या निकामी झालेल्या माणसाच्या अंगातून पाणी बाहेर पडत नाही. ते आधी पायांत उतरतं, मग फुप्फुसांत साठतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिसचं मशीन ते काढतं, पण एका वेळी किती काढता येईल यालाही मर्यादा असते. हे सगळं मला नीट समजलं होतं, आणि समजल्यामुळेच मी कठोर झाले होते.

पप्पांनी तीस वर्षं एका कारखान्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम केलं. एका शिफ्टला चार-पाच लिटर पाणी त्यांना सहज लागायचं. घरी आले की दारातच तांब्या वर धरून, ओठ न लावता, एका दमात संपवायचे. लहानपणी मी शाळेचा अभ्यास सोडून त्यांचा कंठमणी वरखाली होताना बघत राहायचे. पाणी पिताना इतकं सुखी झालेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

त्याच माणसाच्या हातातून मी ग्लास काढून घेत होते.

पहिल्यांदा मी त्यांना पकडलं ते बाथरूममध्ये. मगमधून पीत होते. मला बघून म्हणाले, "गुळणी करत होतो." मी तो मग उचलून आणला. त्यानंतर बेसिनवरचा पेला गेला. फ्रिजला किल्ली होती, ती माझ्या ऑफिसच्या बॅगेत गेली. मम्मीला दूध सकाळीच बाहेर काढून ठेवावं लागायचं. "तुरुंगात राहतो आपण," असं ती एकदा म्हणाली, पण किल्ली तिने मागितली नाही. तिलाही भीती वाटत होतीच.

मग एका रविवारी मी पप्पांना शेजारच्या काकूंच्या दारातून तोंड पुसत बाहेर पडताना पाहिलं. काकू मूळच्या इथल्याच, थेरगावच्या. त्यांची जमीन गेली, बिल्डिंगी आल्या, तरी ओटा आणि पाण्याचा माठ त्यांनी सोडलेला नाही. मला कुणाशी वाद घालता येत नाही. तरी धीर करून गेले आणि म्हणाले, "काकू, प्लीज, पप्पांना पाणी देऊ नका."

"अगं, दारात येऊन पानी मागितलं त्यांनी. मी न्हाई कसं म्हणू?"

"त्यांना त्रास होतो त्याने."

"व्हय, त्ये खरं. पन पान्याला न्हाई म्हणू ने, पोरी. वैऱ्यालाबी द्यावं. आमच्यात असंच हाय." मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, "तुमच्यात न्हाई का तसं?"

आमच्यातही तसंच आहे. तहानेल्याला पाणी देणं म्हणजे प्रभूलाच देणं, हे मी रविवारच्या शाळेत चार वर्षांची असताना पाठ केलं होतं. मी तशीच मागे फिरले. त्या दिवसापासून त्यांनी माठ आत ठेवला एवढं मात्र खरं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चच्या मंडळीत दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. त्या वर्षी एक शुक्रवार आमच्याकडे आला. दहा-बारा माणसं चटईवर, पाळकसाहेब एकुलत्या एका चांगल्या खुर्चीवर, पप्पा पलंगावर पाय लांब करून. पाळकसाहेबांनी स्वर्गावर संदेश दिला. त्यांचा आवाज शांत आहे, हातवारे नसतात. "इथे आपण रोज मोहाशी लढतो, पडतो, उठतो," ते म्हणाले. "तिथे सैतानाला प्रवेशच नाही. त्यामुळे लढाईही नाही. पाप करावंसंच वाटणार नाही कुणाला. ही केवढी मोठी सुटका आहे!"

"पाळकसाहेब, एक विचारू?" पप्पा म्हणाले.

"झालं सुरू," मम्मी पुटपुटली.

"म्हणजे तिथे मला तहान लागणार नाही?"

"नाही लागणार. तसं वचनच आहे."

"पण नदी आहे म्हणता ना तिथे? जीवनाच्या पाण्याची?"

"आहे की."

"ती कुणासाठी मग? तहानच नसली तर नदीवर जाऊन करायचं काय? पाय बुडवून बसायचं?"

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. म्हणाले, "तुमची तहान भागलेली असेल, असं समजा ना."

"भागलेली वेगळी आणि नसलेली वेगळी, साहेब. मधे एक गोळी चालू होती, तिने माझी भूकच मेली. त्याला काय मी पोट भरलं म्हणायचं?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमचंही बरोबर असेल," ते म्हणाले. "मी काही तिथे जाऊन आलेलो नाही अजून."

मग एकेकाने प्रार्थना करायची होती. माझी प्रार्थना मनातल्या मनात इंग्रजीत चालते. मराठीत, सगळ्यांसमोर, ती घशाच्या वर येत नाही. माझ्यापर्यंत आल्यावर मी नुसतं "आमेन" म्हटलं आणि शेजारच्या बाईंनी समजून घेऊन पुढे सुरुवात केली. खरं तर मला देवाला विचारायचं होतं, पप्पा म्हणतात ते खरं का. पाळकसाहेब म्हणाले तेच मी आजवर मानत आले होते, आणि मला ते आवडायचंही. मोहच नसलेली जागा. माझ्यासारख्या घाबरट माणसाला याहून काय हवं? पण पप्पांचं बोलणं ऐकल्यापासून त्या जागेचं चित्र मनात आणलं की मला आमची खोली दिसायला लागली.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे द्राक्षरस छोट्या छोट्या काचेच्या पेल्यांतून देतात, एकेकाला एक. पप्पांनी पेला घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ तो घोट तोंडातच धरून ठेवला. मी ते बघत होते. उपासनेत माझं लक्ष त्यांच्या घोटांवरच असायचं.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले, बाटलीचं झाकण उघडलं आणि बेसिनमध्ये थोडं पाणी ओतलं. वळले तर पप्पा दारात भिंतीला धरून उभे.

"काय ओतलंस?"

"काही नाही."

"प्रभूचा प्याला धरलास होय त्यात?"

मला खोटं बोलता आलं नाही. "दहा मिलिलीटर असतो तो," मी म्हणाले.

ते आधी हसले. मोठ्याने, खोकला येईपर्यंत. मम्मीला हाक मारून सांगितलं, "ऐकलंस का, हिने येशूचाही हिशोब लावला!" मग हसणं थांबलं आणि ते तिथेच स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बाटली कुठे लपवू असं झालं.

"बाळ, तू घराचा स्वर्ग केलास," ते म्हणाले. "बाथरूममध्ये मग नाही, बेसिनवर पेला नाही, फ्रिज बंद, शेजारीण बंद. पाप करायला जागाच ठेवली नाहीस. आणि मी दिवसभर करतो काय माहितेय? पाणी कुठून चोरता येईल, तेवढंच. दुसरा विचार येत नाही डोक्यात. प्रार्थना पण येत नाही."

"मग मी काय करू?"

"पाण्याला मला नाही म्हणू दे. माझं मी. आत्ता मी पीत नाही ते तुझ्यामुळे. त्यात माझं काय आहे?"

सोमवारी चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकवून बसले होते. कुरुळी येईपर्यंत हाच विचार चालू होता. जो मोहात पडूच शकत नाही त्याला चांगला कसं म्हणायचं, हा प्रश्न मला पप्पांनी घालून दिला होता, आणि तो मला खरोखर पटला होता. पण मला पप्पा चांगले व्हायला नको होते. मला ते जिवंत हवे होते. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं कुणी मला शिकवलं नव्हतं.

तरीही आठवडाभराने मी माळ्यावरून त्यांचा जुना स्टीलचा तांब्या काढला, घासला, काठोकाठ भरला आणि त्यांच्या पलंगाशेजारी ठेवला. वर एक फुलपात्र उपडं. फ्रिजची किल्ली मम्मीला दिली. "दिवसाला पाच फुलपात्रं, चहा-आमटी धरून," मी म्हणाले. "मी बघणार नाही."

मी बघायचे. कामावरून आले की चप्पल काढता काढता नजर तांब्याकडे जायचीच. पण विचारायचे नाही. आणि आश्चर्य म्हणजे, ते स्वतःच सांगायला लागले. "आज पाच." "आज चारच, लिंबाची फोड चोखली." आणि एखाद्या दिवशी, मान खाली घालून, "आज सात. चुकलो." मी पहारा देत होते तोवर 'चुकलो' हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता. तेव्हा फक्त गुळण्या असायच्या. ते दोन महिने पप्पा पुन्हा पप्पांसारखे होते. काकूंच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि पाणी न मागता परत यायचे. काकू मला म्हणाल्या, "तुझा बाप लई पक्का झाला गं आता."

मग मे महिन्यात मंडळीतलं एक लग्न आलं. रविवार होता, डायलिसिस थेट सोमवारी सकाळी. ऊन, बिर्याणी, पापड. मी त्यांच्या ताटाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि खरंच बघितलं नाही.

सोमवारी सकाळी ते पलंगावर ताठ बसून होते. आडवं झालं की दम लागत होता. तांब्या रिकामा होता.

"काल आल्यावर सगळा प्यायलो," ते म्हणाले. "मग परत भरून घेतला. मनसोक्त प्यायलो बघ. खोटं कशाला बोलू."

त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण नुसती भीती नव्हती. मला दारात तांब्या वर धरणारा माणूस दिसला. आणि त्याच क्षणी मला इतका राग आला की मी तांब्या उचलला, स्टूल घेतलं आणि तो परत माळ्यावर ठेवला. मागे, जुन्या पातेल्यांच्या आड.

मम्मी त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेणार होती. मी बूट घालत होते, बस चुकत होती.

"संध्याकाळी परत भरशील ना?" पप्पांनी विचारलं.

मी ऐकलं. लेसची गाठ मारली आणि गेले.

अकराच्या सुमारास गेटवरून मला बोलावणं आलं, कारण आमचे फोन लॉकरमध्ये असतात. वजन साडेचार किलोने वाढलं होतं. मशीनवर असताना ब्लडप्रेशर उतरलं आणि हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, त्यांचं हृदय आधीपासूनच कमजोर होतं, हे कधीही होऊ शकलं असतं. मी मान हलवली. माझी मान हलते, पण त्याचा अर्थ मी मानलं असा नसतो.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "आपला भाऊ आता सगळ्या मोहांतून सुटला. त्याला आता भूक नाही, तहान नाही." लोक हलकेच "आमेन" म्हणाले. मी थांबले होते. मला वाटलं, ते नदीचं काहीतरी म्हणतील. त्यांनी पुढची प्रार्थना सुरू केली.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्याकडे भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या. मम्मी आत होती. त्यांनी माझा हात धरला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तवा मी पानी दिलं होतं त्यांना. त्ये तर न्हाई ना गं भोवलं?"

"नाही काकू, अजिबात नाही," मी लगेच म्हणाले. त्यांच्यासाठी मला इतकी खात्री होती. स्वतःसाठी तेच वाक्य मी पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे. तांब्या दिला म्हणून ते गेले असं वाटतं, आणि तांब्या काढून घेतला ते त्यांना शेवटचं दिसलं असंही वाटतं. एक चूक असेल तर दुसरं बरोबर असायला हवं. मला दोन्ही चुकाच वाटतात. आणि जिथे ते आहेत तिथे खरंच तहान लागत नसेल, तर 'परत भरशील ना?' याच्या माझ्या उत्तराची त्यांना आता गरजही नसणार. हे सगळ्यांना सांत्वन वाटतं. मला सहन होत नाही.

नोव्हेंबरात कबरी सजवायच्या दिवशी मम्मीने शेवंतीचं रोप घेतलं. निघताना मी स्टूल ओढलं आणि माळ्यावरून तांब्या काढला. मम्मीने बघितलं आणि पिशवी पुढे केली. कब्रस्तानातल्या नळावर मी तो काठोकाठ भरला आणि सांडणार नाही अशा बेताने चालत कबरीपर्यंत नेला. रोप लावून झाल्यावर वरून धार धरली. माती पीत गेली.

"हळू गं," मम्मी म्हणाली. "सगळंच ओतू नको, मुळं उघडी पडतील."

मी हात आवरला. आणि सवयीने वाकून बघितलं, तांब्यात किती उरलंय ते.