काकूंच्या कढीपत्त्याची माती

मित्रहो, आज सकाळी इथल्या अल्बनी भागात राहणाऱ्या विनायककाकांचा फोन आला. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. "तुझ्या काकूचा कढीपत्ता पिवळा पडलाय. जरा येऊन बघ."

पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी पडल्याची ही खूण. पण लोहाचं खत त्यांनी घातलं होतं. कुंडीतल्या मातीचा पीएच मोजला, तर आठच्या वर. अशा अल्कधर्मी मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही.

"काका, चुना किंवा राख घातली होती?"

"तिच्या अस्थी समुद्रात सोडल्या. थोडी राख इथे घातली. वाटलं, आपल्या झाडापाशी राहील."

माती बदला, हे मला सांगवेना. शेवटी तेच म्हणाले, "ती असती तर ओरडली असती, 'अहो, माझ्या झाडाला काय चारलंत?' काढ ती माती."

ती माती घेऊन काका संध्याकाळी समुद्रावर जाणार आहेत. झाड नव्या मातीत लावलंय. जगेलच असं नाही.

काकू त्याचे फुटवे सगळ्यांना वाटायच्या. तुमच्यापैकी कोणाकडे त्यातलं रोप आहे का? असेल तर एकदा काकांना दाखवून याल?