स्कूटरची मागची सीट

बायकोची बदली मोखाड्याच्या पलीकडच्या एका शाळेत झाली तेव्हा आमची मुलगी दुसरीत होती. त्याआधी बायको जवळच, जामसरच्या बाजूला शिकवायची आणि जाण्यायेण्याचा विचार कधी करावा लागला नव्हता. मी जव्हारला कचेरीत कारकून. मोखाड्याला बिऱ्हाड हलवलं तर मी रोज उलटा प्रवास करणार आणि मुलीची शाळाही बदलणार. म्हणून जव्हारलाच राहायचं ठरलं, आणि एका रविवारी आम्ही दोघं कागद घेऊन बसलो.

एसटीचा पास सगळ्यात स्वस्त. पण आठची गाडी धरली तर शाळा उघडायच्या तासभर आधी पोचणार, आणि पुढची गाडी घंटा झाल्यावर. काळी-पिवळी जीप वाटेल तेव्हा मिळायची, पण भरेपर्यंत हलायची नाही. तिसरा पर्याय आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. बायकोच्याच नव्या शाळेतले सर, पन्नाशी ओलांडलेले, एका कानाने कमी ऐकणारे. त्यांच्याकडे जुनी स्कूटर होती. ते आपणहून घरी येऊन म्हणाले, "बाईंना माझ्याबरोबर पाठवा. मागची सीट रिकामीच जाते."

ते गेल्यावर ती म्हणाली, "लोक काय म्हणतील?"

"लोक पेट्रोल भरणार आहेत का?" मी म्हणालो. "निम्मं पेट्रोल आपण देऊ. पावणेदहाला निघायचं, सहाच्या आत घरी. याहून सोयीचं काय?"

म्हणजे निर्णय माझाच होता. हे आधीच सांगून टाकतो.

पहिले काही आठवडे मी स्वतःवर खूश होतो. ती न दमता यायची, मुलीचा अभ्यास घ्यायची. आणि आल्या आल्या बोलायला लागायची. आज सरांनी गाडी थांबवून वरईचं शेत दाखवलं. नागली आणि वरई लांबून कशी ओळखायची ते सांगितलं. सर पहिल्यांदा नोकरीला आले तेव्हा खोडाळ्याच्या बाजाराला चालत जायचे म्हणे. त्यांच्या कानाला काय झालं त्याची गोष्ट तर तिने मला दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा सांगताना तिला हसू आवरलं नाही.

मग एक दिवस ती म्हणाली, "आज शाळा लवकर सुटली, तर सरांनी वाट वाकडी करून शिरपामाळावर नेलं. काय दिसतं हो तिथून!"

मी भाकरी मोडत होतो. हात थांबला. माझा जन्म जव्हारचा. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बाहेरून पाहुणे येऊन शिरपामाळ बघून जायचे, आणि मी तिला एकदाही तिथे नेलं नव्हतं.

मला संशय नव्हता. संशय असता तर निदान भांडता आलं असतं. सर सज्जन माणूस, तिला मुलीसारखं वागवत. मला हेवा वाटत होता तो त्या रस्त्याचा. रोजचे दोन तास ती कुणाचं तरी ऐकत होती, कुणाला तरी सांगत होती, आणि माझ्या वाट्याला त्यातलं उरलेलं यायचं. साडेपाच झाले की माझं कचेरीतल्या कामात लक्ष लागेना. कचेरी सुटताच घर गाठायचो. घराच्या खिडकीतून गल्लीचा कोपरा दिसायचा. स्कूटर थांबायची, ती उतरायची, पिशवी खांद्याला लावता लावता अजून हसत असायची. घरी पोचेपर्यंत ते हसू विरलेलं असायचं आणि गोष्टींच्या आधी मला विचारायची, "भाजी कुठली करू?"

श्रावणात मी पुन्हा कागद काढला. आकडे मांडले. पेट्रोलच्या वाट्यात मी स्कूटरच्या दुरुस्तीचाही भाग धरला, जो सरांनी कधीच मागितला नव्हता. घाटातलं धुकं, तिची पाठ, ओले कपडे, सगळं लिहिलं आणि पास किती परवडतो ते दाखवलं.

तिने कागद नीट वाचला. "तुम्हीच मला आधी उलटं सांगितलं होतंत ना?"

"तेव्हा पावसाळ्याचा विचार केला नव्हता."

"बरं," ती म्हणाली आणि कागद घडी करून परत दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर घरी आले. मला वाटलं, जाब विचारतील. ते म्हणाले, "योग्य केलंत. धुक्यात पुढचं दिसत नाही. मलाच बोलायला हवं होतं." मी त्यांना चहा दिला. माझी नजर वर होत नव्हती.

मग ती आठच्या गाडीने जायला लागली. मुलीच्या वेण्या माझ्याकडे आल्या. ती परत यायची तेव्हा सात वाजून गेलेले असायचे. मी विचारायचो, "आज रस्त्यात काय?" ती म्हणायची, "काय असणार? झोप लागली होती."

दिवाळीनंतर मी साठवलेल्या पैशांतून एक वापरलेली मोटारसायकल घेतली आणि म्हणालो, "मी सोडतो, मीच आणतो." खर्च, वेळ, सोय, कुठल्याही हिशेबाने हा वेडेपणा होता. दिवसाला चार फेऱ्या. सकाळी मी कचेरीत उशिरा, संध्याकाळी लवकर निघायचं म्हणून साहेबांपुढे रोज नवं कारण. तरी मला वाटत होतं, आता रस्ता माझा.

ती मागे बसायची, एक हात माझ्या खांद्यावर. मी म्हणायचो, "ते बघ, नागली कापायला आली."

"वरई आहे ती," ती म्हणायची. मग पुन्हा शांत.

असा महिना गेला. एकदा घाट चढून आल्यावर गाडी तापली म्हणून थांबलो होतो. मी न राहवून विचारलं, "सरांशी एवढं काय बोलायचीस गं?"

"मी कुठे बोलायचे? तेच बोलायचे. मी नीट ऐकून ठेवायचे."

"कशाला?"

"घरी येऊन तुम्हाला सांगायला. तुम्ही दिवसभर त्या फायलींत असता, म्हटलं, तेवढंच." तिने पिशवी सावरली. "आणि तुमच्या कागदात दुरुस्तीचे पैसे खोटे होते. मला तेव्हाच कळलं होतं."

मी उगाच प्लगची वायर दाबून पाहिली.

त्याच संध्याकाळी मी सरांच्या घरी गेलो. सगळं सांगून टाकायचं आणि तिला पुन्हा स्कूटरवरून न्याल का, असं विचारायचं ठरवलं होतं. सर बाहेर गेले होते. त्यांच्या बायकोने दार उघडलं. मी चाचरत म्हणालो, "ते शाळेला जाण्याचं... मध्येच बंद केलं आम्ही..."

"बरं झालं बंद केलंत," त्या पटकन म्हणाल्या. मग मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमची बायको गुणाची आहे, भाऊ, तिला काही बोल नाही. पण हे घरी यायचे ते सगळं बोलून संपवूनच यायचे. मला आपलं 'जेवायला वाढ'. कुणाला सांगणार?"

आम्ही दोघं उंबऱ्याच्या अलीकडे पलीकडे तसेच उभे राहिलो. माझ्यासारखंच आणखी कुणी दोन गल्ल्या पलीकडे रोज स्कूटरच्या आवाजाकडे कान लावून बसलं होतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी न विचारताच परत फिरलो.

घरी येऊन तिला जसंच्या तसं सांगितलं, माझ्या हेव्यासकट. तिने भांडी आवरून ठेवली. मग म्हणाली, "उद्यापासून मी जीपने जाईन. तुम्ही आपली नोकरी सांभाळा."

जीप भरायला वेळ लागे, म्हणून ती अर्धा तास आधी निघे. हळूहळू बाजाराला जाणाऱ्या बायका तिच्या ओळखीच्या झाल्या. त्या तिच्यासाठी जागा धरत. एके दिवशी ती घरी आली ती बोलतच. कुणाच्या तरी टोपलीतून कोंबडी सुटली होती आणि अख्खी जीप तिच्यामागे लागली होती.

ती सांगत होती, आणि त्या अनोळखी बायकांबद्दल मला तीच जुनी टोचणी लागली. मी चहा ठेवला आणि म्हणालो, "मग? सापडली का?"