बीट फ्रीजमध्येच होतं

अरुण गेल्याचं कळलं तेव्हा मुलुंडच्या आमच्या मित्रमंडळात जो तो मला एकच विचारत होता, "परत ते आलं होतं का रे?" ते म्हणजे मूत्राशयाचा कॅन्सर. नाही, बाबांनो. दुपारी श्रीखंड-पुरी हाणून आडवा झाला तो उठलाच नाही. हृदय थांबलं. कॅन्सरला त्याने कधीच हात हलवत परत पाठवलं होतं, आणि हे सांगताना दुःखातही माझी छाती फुगते.

त्या सकाळची गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगायचा. लघवीला लाल झालं. दुखलं-खुपलं काही नाही. बाहेर येऊन त्याने पेपर उघडला आणि सुनंदावहिनींना सहज म्हणाला, "कालच्या बिटाच्या कोशिंबिरीने लाल होतंय वाटतं." वहिनी पोळ्या लाटत होत्या. "काल काकडीची होती. बीट अजून फ्रीजमध्येच आहे." अरुणने पेपरचं पान उलटलं. दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ, मग काय, याला मोकळं रान मिळालं. "गेलं ना ते, आता डॉक्टर कशाला?" त्यात मालवणची सहल तोंडावर आलेली. वहिनी वाद घालत बसल्या नाहीत. ते बीट आणून त्यांनी त्याच्या पेपरवर ठेवलं. "हे खाल्लंस का तू? नाही ना? मग चल."

दुर्बीण घालून पाहिलं तर मूत्राशयाच्या अस्तरावर बारीकशी गाठ. ती दुर्बिणीतूनच खरवडून काढली, पोट फाडावं लागलं नाही. तपासणीचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सरच आहे, पण वरवरचा. लवकर आलात." मग दर आठवड्याला नळीतून मूत्राशयात औषध. औषध कसलं, लहानपणी दंडावर टोचतात ती क्षयाची लसच. अरुण हरखला, "बूस्टर राहिला होता रे माझा." ते आत धरून कूस बदलत पडून राहायचं. तेवढा वेळ मी त्याच्या पलंगावर रमी मांडायचो, आणि कूस बदलायच्या निमित्ताने तो बिनदिक्कत माझी पानं बघायचा. चिडलो की म्हणायचा, "पेशंट आहे ना यार." संध्याकाळी जळजळ व्हायची, कणकण यायची, तेव्हा मात्र माझा हात घट्ट धरून पडून राहायचा... पानं विसरून.

सिगारेट त्याने तेव्हाच सोडली. पुढची दुर्बिणीची एकही तपासणी चुकवली नाही. मालवण झालं, लेकीचं लग्न झालं, नातवाला खांद्यावर घेऊन तो गणपतीत नाचला. पंगतीतसुद्धा शेजारच्याला विचारायचा, "लघवीचा रंग बघून मग पाणी ओढता ना?" माणसांना ठसका लागायचा, वहिनी कपाळावर हात मारून घ्यायच्या. पण लाजेपायीच माणसं उशीर करतात, असं त्याचं म्हणणं. अशा आगाऊ माणसावर मी फार प्रेम केलं.

परवा वहिनींनी जेवायला बोलावलं. ताटात बिटाची कोशिंबीर होती, दाण्याचं कूट घातलेली. दुसऱ्या सकाळी मला लाल दिसलं. बीटच हे, मी स्वतःला म्हणालो... आणि पाणी ओढायला गेलेला हात तिथेच थांबला. अरुणही नेमकं हेच म्हणाला होता. तसाच उठून नमुना घेऊन लॅबमध्ये गेलो. रिपोर्ट येईपर्यंत जिवात जीव नव्हता. रक्त नव्हतं. लगेच फोन लावला.

"वहिनी, बीटच होतं."

 अरुण गेल्यापासून पहिल्यांदाच त्या मोकळं हसल्या. "मग उद्याही या भावोजी. फ्रीजमध्ये अजून दोन आहेत."