रिकाम्या ड्रममधली तडतड

मंडळी, आजच्या एका घाण्याची किंमत बारा किलो कॉफी आणि माझी मनःशांती.

आयर्लंडमधल्या शॅननमध्ये माझी छोटी कॉफी-भट्टी आहे. बिया भाजत आल्या की तडतडतात. मी त्या आवाजावर घाणा उतरवतो, घड्याळ लागत नाही, ही फुशारकी तुम्ही ऐकलीच आहे.

आज तडतड ऐकून घाणा उतरवला, तर बिया हिरवट. मशीन बंद केलं, तरी तडतड थांबेना. ड्रममध्ये टॉर्च मारला. आत एकही बी नव्हती.

माझ्या मदतनीस नोराला विचारलं, "ऐकू येतंय?"

"काहीच नाही. तू ग्रँड आहेस ना, बॉस?" (इथे 'ग्रँड' म्हणजे 'ठीक'.)

हे लिहितानाही तडतड चालू आहे. तुमच्यापैकी कुणाला असं होतं का?

दुसरा घाणा नोराने घड्याळ लावून भाजला. उत्तम झाला.