अक्का चहा टाकायला गेल्या तेव्हा

घाटनांदूरला आईचा बचत गट आहे. तो ज्यांनी सुरू केला, त्यांना सगळ्या बाया अक्का म्हणतात. दारोदार फिरून बाया त्यांनीच गोळा केल्या. बँकेत साहेबासमोर खुर्ची ओढून बसणाऱ्या पहिल्या त्याच. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी या गटावर लिहीत होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. काही चुकीचं लिहीन याची भीती वाटायची. पण अक्कांशिवाय गट चालणार नाही, याबद्दल मला शंका नव्हती.

मग अक्कांनीच अध्यक्षपद सोडलं आणि ते आईच्या गळ्यात पडलं. आई दोन दिवस नीट जेवली नाही.

तिची पहिली बैठक आमच्याच घरी झाली. गटात नव्याने आलेल्या एका सुनेला शेवयांच्या मशीनसाठी कर्ज हवं होतं. उन्हाळा तोंडावर आलेला. आता मिळालं तरच उपयोग. आईने विचारलं, "बोला, द्यायचं का?" सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं.

"मी कोण आता? हिला इचारा," अक्का म्हणाल्या. आणि लगेच, "पण वरीस झाल्याबिगर नव्या बाईला कर्ज न्हाई, एवढं ध्यानात ठिवा."

चर्चा संपली. सुनेने मान खाली घातली.

आईने सुनेकडे पाहिलं. मग म्हणाली, "अक्का, तुमच्या हातचा चहा लई दिसात पिला न्हाई. टाकता का?"

"मला बाहेर काढती का गं?"

"बाहेर कुठं? आत धाडते की."

सगळ्या हसल्या. अक्काही पदर खोचून उठल्या.

त्या आत गेल्या तशा बाया बोलू लागल्या. "मागल्या साली माझ्या शेवया हिनंच केल्या. एक तुटली न्हाई." "माझ्या भावाकडं जुनी मशीन हाय, अर्ध्या पैशात देईल." एकीने खवचटपणे विचारलं, "अन् नवऱ्यानं मशीन इकली तर?"

सून पहिल्यांदाच बोलली. "इकायला आधी उचलावी लागंल. त्याला घागर उचलत न्हाई."

हसणं थांबेना. आतून अक्का ओरडल्या, "मशीन लाईटवर चालती. मीटर कुणाच्या नावावर हाय, ते इचारा!"

"अक्का, दूध उतू जाईल!" आई म्हणाली.

मी लिहायचं थांबले होते. बायांना इतकं माहीत आहे, हे अक्कांसमोर कधी कळलंच नव्हतं. त्यात अक्कांची चूक होती असंही मला म्हणवत नाही.

दोघी जामीन राहिल्या. जुन्या मशीनपुरतं कर्ज द्यायचं ठरलं.

अक्का चहा घेऊन आल्या. "काय केलं?"

"दिलं," आई म्हणाली.

अक्का ताट धरून उभ्याच राहिल्या. मग कारण विचारलं, "कावून?"

चौघी एकदम सांगू लागल्या. अक्का उंबऱ्यावर बसल्या आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "पयल्या शेवया माझ्या. अन् फुकट न्हाई, पैसे देऊन घेईन."